मे महिन्यातलं रान

नमस्कार. काकू, सरांचे शेजारी, चाळीच्या मंडळाचे कार्यकर्ते आणि आमच्या ऑफिसातले सगळे. मी मृण्मयी. सावंत सरांच्या हाताखाली नकाशे करते. मला असं उभं राहून बोलणं जमत नाही, म्हणून लिहून आणलंय. सरांच्या शेवटच्या दिवसाबद्दल चाळीत एक बोललं जातंय आणि ऑफिसात दुसरं. मी तिथे होते. जे घडलं ते आधी क्रमाने सांगते.

एक. गुरुवारी सकाळी मी सरांच्या टेबलावर उपग्रहाने टिपलेलं एक चित्र ठेवलं.

दोन. ते चित्र आमच्या नकाशाशी जुळत नव्हतं. त्या नकाशावर सरांची सही होती.

तीन. सरांनी ते बराच वेळ पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

चार. त्यांनी डबा उघडला नाही.

पाच. दुपारी त्यांच्या छातीत दुखू लागलं. ऑफिसातल्या प्रसादने आणि मी त्यांना जवळच्याच हॉस्पिटलात नेलं.

सहा. संध्याकाळी सर गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनं होतं, त्या दिवसाशी त्याचा संबंध जोडू नका. ते काय म्हणाले हे मला समजलं. पटलंय का, हे अजून सांगता येत नाही.

इथे बसलेल्या बऱ्याच जणांना सर नक्की काय काम करायचे ते माहीत नसेल. शेजारचे काका मला मघाशी म्हणाले, "आमका वाटायचा, तो बिल्डरांचे प्लान काढता." नाही काका. विदर्भातल्या एका कोळशाच्या पट्ट्याचा प्रादेशिक आराखडा आमच्याकडे होता. जमिनीखाली कोळसा. वर गावं, शेती, दोन जंगलं. कुठे खणायचं, कुठे हात लावायचा नाही, हे नकाशावर ठरवायचं. ते आम्ही परळच्या बाराव्या मजल्यावर बसून ठरवत होतो.

सर खाणीच्या विरोधात नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण गेलेल्या माणसाला लोक आपल्या सोयीचं करून घेतात. ऑफिसात कुणी फार तावातावाने खाण नको म्हणालं, की सर म्हणायचे, "ठीक. उद्यापासून तू लिफ्टने यायचं नाही. बारा मजले चढून ये, मग बोलू." पाहणीला गेलो तेव्हा दक्षिणेकडच्या गावात एका बाईने त्यांना विचारलं होतं, खाणीत माझ्या मुलीला काम मिळेल का?  परतताना सर गाडीत एवढंच म्हणाले, "गिरणी बंद झाली तेव्हा आमची आई असंच कोणाकोणाला विचारत फिरायची."

आणि जंगलाच्या बाबतीतही ते तितकेच हट्टी होते. परळच्या बंद गिरणीच्या जागेच्या एका जुन्या नकाशात हिरवा चौकोन होता, मुलांच्या मैदानाचा. आज त्या चौकोनात आमचं ऑफिस आहे. सर ते हसून सांगायचे. 

तर आम्ही तोल साधला. निदान आम्हाला तसं वाटलं. दक्षिणेला खाण. उत्तरेची दोन्ही जंगलं राखीव. आणि त्या दोन जंगलांच्या मधोमध एक टेकड्यांची पट्टी होती, नकाशावर पडीक. खाणीतून निघणारी दगडमाती तिथे टाकायची. गावांना काम, जंगलाला धक्का नाही, शेतीवर ढिगारे नाहीत. सरांना त्या आराखड्याचा अभिमान होता. मलाही होता.

ती पट्टी पडीक नव्हती.

ती पडीक कशी ठरली, ते सांगते. काम जूनमध्ये आलं. त्याच वर्षीचं ताजं चित्र वापरा, अशी अट होती. ताजं आणि ढग नसलेलं म्हणजे मेचं. मेचं चित्र मी निवडलं. त्यात ती पट्टी उघडी दिसत होती, तपकिरी. मी तिला पडीक म्हटलं. सरांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "हो सर, स्पष्ट आहे." पाहणीच्या वेळी आम्ही माणसं होती त्या गावांत गेलो. पट्टीत गेलो नाही. पडीक जमिनीत काय बघायचं?

तिथे साग आहे. सागाची पानं उन्हाळ्यात गळून जातात. शाळेत शिकलेली गोष्ट आहे ही. पण मी दादरची. माझ्या गल्लीतली झाडं मे महिन्यात सावली देतात. आणि सरांचं कोकण. आंबा, फणस, काजू, सगळं बारमाही हिरवं. पानं नसलेलं झाड आम्हा दोघांनाही मेलेलं झाड वाटलं. एकाला तरी शंका यायला हवी होती. दोघांनाही आली नाही.

पावसाळ्यानंतरचं चित्र मी दुसऱ्याच कामासाठी उघडलं होतं. दोन जंगलांच्या मधे फट नव्हतीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रान. जनावरं तिथूनच ये-जा करत असणार. आमच्या नकाशातले ढिगारे नेमके त्यांच्या वाटेवर होते.

ते चित्र मी गुरुवारी सरांसमोर ठेवलं. सर ऑफिसात कधी मालवणी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "गो, ह्या तर रान असा." मग म्हणाले, "दुरुस्त करूया. मुदत आहे अजून." मला रागावले नाहीत. एक शब्दही नाही. रागावले असते तर मला आज इथे उभं राहणं सोपं गेलं असतं.

मी ते चित्र आठवडाभर थांबून दाखवू शकले असते का? हो. त्यांची तब्येत मला माहीत होती का? थोडीफार. मग थांबायला हवं होतं का? मला माहीत नाही. हा प्रश्न माझा आहे, तो तुमच्यावर टाकत नाही.

दुसरा प्रश्न मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. जाहीर झालेल्या आराखड्यावर लोकांनी हरकती घेण्याची मुदत पुढच्या सोमवारी संपते. काल प्रसाद, अश्विनी आणि मी, या नकाशावर काम करणारे आम्ही तिघं, चहाला बसलो होतो. प्रसाद म्हणाला, "अगं, अजून तेरावं झालं नाही. सरांच्या सहीवर आत्ता आपणच बोट ठेवायचं?" अश्विनी म्हणाली, "मुद्दा खरा असेल तर बाहेरचं कुणीतरी उचलेलच ना." मी विचारलं, "कोण? साग स्वतः येऊन हरकत घेणार का?"  मग प्रसाद हळूच म्हणाला, "आणि सही सरांची आहे. आपल्याला कोण विचारणार?"

प्रसाद, तू हे वाईट मनाने बोलला नाहीस. तू सरांना दोन्ही हातांवर उचलून लिफ्टपर्यंत नेलंस, मी पाहिलंय. पण ते वाक्य मला रात्रभर पुरलं. आपण गप्प बसलो तर लोक सरांना चांगलं म्हणतील आणि चूक कायमची त्यांच्या नावावर राहील. चूक माझी आहे. चित्र मी निवडलं. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा भाग.

इथे बोलण्याआधी मी सरांच्या घरी काकूंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, गुरुवारच्या सकाळसकट.  काकू म्हणाल्या, "तेंचा चुकला असात तर चुकला म्हणान सांग गो. घरात मी रोज सांगी, हापिसात तू सांग." आणि मला जेवायला वाढलं. मी जेवले. 

दुरुस्ती अशी आहे. पट्टीला पडीक ऐवजी जंगल म्हणायचं. दगडमाती खणून झालेल्या खड्ड्यातच परत भरायची. खाण लहान होईल, खर्च वाढेल, दक्षिणेच्या गावात कामं काही कमी होतील. त्या बाईला काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. तेही आपल्यालाच सांगावं लागेल, सरांच्या मागे लपून चालणार नाही.

मोहिते मॅडम, तुम्ही सरांच्या भागीदार. सर गेल्यावर फर्मची सही फक्त तुमची. मी इथे हे बोलणार आहे, हे तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल जे बोलायचं ते उद्या बोला, मी ऐकून घेईन.

सर, तुम्हाला नमस्कार. आता आपण दोन मिनिटं उभे राहूया.

बसण्याआधी एवढंच. चुकीची जबाबदारी माझी, असं लिहिलेलं दुरुस्तीचं पत्र तयार आहे. मॅडम, त्यावर सही करणार का? प्रसाद, अश्विनी, तुमची नावं घालू का? हो किंवा नाही, मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा.