जावईबापूंनी बदललेलं शेल

...आणि सोळाच का? तुम्हाला सांगतो, मी काही संशयी माणूस नाही. पण आठ वर्षं मी रोज सकाळी कॉम्प्युटरच्या त्या काळ्या खिडकीत कमांड्स टाइप करून शब्दकोशांच्या सूच्या लावतोय. जुन्या कमांड्स बघायच्या म्हणून ‘हिस्टरी’ लिहिलं, तर आल्या सोळा ओळी. त्याही काल-आजच्या. बाकीच्या हजारो गेल्या कुठे? आणि मशीनला शेवटचा हात कुणाचा लागला होता? जावईबापूंचा.

तीन आठवड्यांपूर्वी आले होते. म्हणाले, “बाबा, तुमचं शेल फार जुनं आहे, नवीन लावून देतो.” शेल म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला समजावणारा दुभाषा. म्हटलं, लावा. जावयाला नाही कसं म्हणणार?

तेव्हापासून सुरू झालं बघा. हातभर लांब कमांड लिहायची, मध्ये चूक दिसली की तिथे जाऊन कंट्रोल-यू दाबायचं, डावीकडचं पुसलं जातं, उजवीकडचं राहतं... आठ वर्षं राहत होतं. आता अख्खी ओळ गुल. ‘हेल्प’ लिहिलं, तर म्हणे अशी कमांडच नाही. मी संशयी नाही हो, पण मदतच आधी कोण काढून ठेवतं?

ही म्हणाली, “अहो, तुमच्या सूच्यांचं ते काय लोणचं घालणारेत?” मी पासवर्ड बदलला. नेटची वायर काढून कपाटात ठेवली. त्यात त्या सोळाच ओळी आल्यावर मात्र राहवेना, मुलीला फोन लावला. म्हटलं, “तुझा नवरा माझ्या मशीनमध्ये काय शोधत होता?”

तिच्या मागून मऊ आवाज आला, “बाबा, फोन स्पीकरवर आहे.”

कान गरम झाले माझे. ते मात्र शांतपणे सांगायला लागले, “तुमच्या जुन्या कमांड्स जुन्या शेलच्या फाइलमध्ये आहेत, एकही पुसलेली नाही. नवं शेल नुसतं हिस्टरी म्हटलं की शेवटच्या सोळाच दाखवतं. पुढे एकचा आकडा लिहा, त्याच्याकडच्या सगळ्या येतील. कंट्रोल-यूचीही त्याची रीतच वेगळी. मी आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं.”

आता मी मेल्याहून मेलो. म्हटलं, “जावईबापू, चूक माझी आहे.” पलीकडून मुलगी म्हणाली, “बाबा, हे जरा लिहून द्याल का?”

त्यांनी फोनवर एकेक अक्षर सांगून जुनं शेल परत लावून दिलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी बसलो, ओळीच्या मध्येच कंट्रोल-यू दाबलं, ओळ गेली असं धरून नवी कमांड लिहिली, एंटर मारलं... आणि सूची निघाली ‘ज्ञ’पासून उलटी. जुन्या कमांडचं ‘उलटी लाव’ सांगणारं शेपूट तसंच राहिलं होतं ना उजवीकडे. तीन आठवड्यांत बोटं नव्या शेलची झाली होती.

मी संशयी नाही. पण या वेळी माझ्याशिवाय मशीनला कुणी हातच लावलेला नाही, आता बघायचं तरी कुणाकडे?