राजा मरेना

सोतो सूपच्या गाडीपाशी रांगेत उभ्या वार्सिनीबाईंचे कान पुढच्या दोघांकडे लागले होते. एक जावामधल्या गावोगावच्या नाटकांचे म्हातारे दिग्दर्शक हार्जो, दुसरी त्यांची शिष्या लास्त्री.

“काका, काल माझा राजा मरेचना!”

“का? तलवार लागली नाही?”

“लागली, पडलाही. पण लोकांनी खूश होऊन सिगारेटची पाकिटं फेकली. हा उठला, पाकीट उचललं, पुन्हा मेला. परत पाकीट, परत जिवंत!”

“मग पडदा पाडायचास की!”

“पाडला. तर पडद्याखालून मुंडकं काढून पाकिटं गोळा करतोय, आणि मारेकऱ्यालाच विचारतोय, काडेपेटी आहे का रे? आज पुन्हा असं झालं तर मंडळी मला हाकलतील.”

“अगं, पाकिटं कुठे पडतात ते आधी बघायचं आणि राजाला तिथेच मारायचं.”

“आणि पडलीच नाहीत तर?”

“तर तो मरतोय कसला! पाकीट पडेपर्यंत लढतच राहील.”