हॉलमागचं लाल झाकण

—तो पाइप आधी खाली ठेवा. गवतावर, काका, गवतावर म्हटलं मी, माझ्या बुटांवर नाही. आणि तोंड वर करून ठेवा, ठिबकतंय. हां. आता मागे सरका. अजून. मी इथून उठणार नाही, ह्या झाकणावर बसले ती बसले, तुम्हाला कितीही घाई असू दे — आणि काकूंना सांगा, खिडकीतून असे डोळे वटारू नका म्हणावं, मी त्यांचं घर लुटायला आले नाहीये, त्यांचंच घर चाकांवर बसून आमच्या हॉलच्या मागे आलंय. ह्या झाकणाखाली काय आहे ते तरी माहितीये का? पाणी आहे. प्यायचं! गावाचे नळ त्या पोस्टापाशी संपतात, हॉलपर्यंत येतच नाहीत, म्हणून खाली टाकी खणलीये, टँकर येतो आणि ह्या नळकांड्यातून ती भरतो. काल भरून घेतली मी, स्वतः उभी राहून. परवा रविवारी हंगामाचं जेवण आहे इथं, कापणी संपली की असतं दरवर्षी, आजूबाजूच्या सगळ्या शेतांवरची माणसं येतात — सूप ह्या पाण्याचं, कॉफी ह्या पाण्याची, पेरोगी, त्या बटाट्याच्या करंज्या, उकडायच्या त्याही ह्याच पाण्यात. आणि तुम्ही ह्यात काय सोडणार होतात? बोला ना. आता का लाजता?

ओंटारियोपासून आलात ना? नंबरप्लेट दिसते मला. म्हणजे ओंटारियोपासून आतापर्यंत जे काही तुम्ही दोघांनी पोटातून खाली उतरवलं, ते सगळं त्या गाडीच्या पोटात घेऊन ह्या माळावरून चाललाय — आणि रिकामं कुठं करायचं म्हणे? तर जिथं नळकांडं दिसेल तिथं! मला तुमच्यासारख्यांचं एक कळत नाही, काका. घर विकता, नातवंडांना टाटा करता, थंडी पडायच्या आत बदकांसारखे दक्षिणेला निघता, गाडीत टीव्ही, गाडीत ओव्हन, गाडीत शेकोटी, खोटी का होईना — आणि ज्याच्यासाठी दर चार दिवसांनी दारोदार हिंडावं लागतं, त्याची अक्कल मात्र फोनमध्ये. फोननं काय सांगितलं? "गावात सोय आहे." कुठं आहे? ते फोनला माहीत नाही. मग गावभर चकरा! मी पाहिलं तुम्हाला, चर्चपाशी वळलात, परत धान्याच्या कोठारापाशी वळलात, शाळेच्या आवारात शिरलात — शाळा बंद पडून किती वर्षं झाली, तिथं काय मिळणार होतं? एखाद्याला थांबून विचारावं — बाई दिसली तर विचारायचं नाही, बरोबर? मी तिथंच होते, पेट्रोलपंपावर. हात केला तुम्हाला. तुम्हाला वाटलं, पोरगी उगीच हात हलवतेय.

खरी जागा हॉकीच्या रिंकमागे आहे. सिमेंटचा ओटा, मधे लोखंडी झाकण, पायानं दाबलं की उघडतं, बाजूला धुवायचा नळ. दिसत नाही, कारण पुढं गवत वाढलंय आणि पाटी नाहीये. पाटी का नाहीये? विचारा! नाही, विचाराच, कारण हे विचारणारी आख्ख्या गावात मी एकटी. दोनदा गेले गावसभेत. वॉल्टर क्रुपा, आमचे अध्यक्ष, वय विचारू नका, ते माझ्याकडे असे बघतात जसं काही मी अजून दुधाच्या दातांची आहे — "लारिसा बाळ, पाटी कशाला? सगळ्यांना माहितीच आहे की." सगळ्यांना म्हणजे कुणाला? म्हटलं, काका, गावाबाहेरच्यांना? तर म्हणतात, "बाहेरचा विचारेल की कॉफीवर." झालं! ह्यांचं सगळं राज्य कॉफीवर चालतं. सकाळी क्वानच्या कॅफेत दहा म्हातारे एका टेबलाला टेकतात आणि दुपारपर्यंत कुणी उठत नाही, कपात थेंब नसतो पण उठत नाहीत, आणि गावाची रेल्वे गेली, बँक गेली, दवाखाना गेला, सगळं त्या टेबलावर बसून बघितलं ह्यांनी, वर साखर ढवळत. मग मी स्वतःच रंगवली पाटी. चांगली मोठी. बाण काढला, शब्द लिहिले — दुसऱ्या दिवशी गायब! का? तर चर्चच्या बायकांना तो शब्द जेवणाच्या दिवसांत गावाच्या तोंडावर नको. घाण चालेल, घाणीचं नाव चालणार नाही. ह्याला म्हणतात थोरांची समज. हसताय काय? तुम्हीही त्यातलेच. पाटी नसली की विचारायचं नाही, आणि विचारलं नाही की जे दिसेल त्याचं झाकण काढायचं.

मला काय, मी सोमवारी चालले. कॅल्गरीत नोकरी लागलीये, खोली बघून ठेवलीये, पुन्हा ह्या गावचं तोंड बघणार नाही — बघेन, नाताळला, गिदोंसाठी. गिदो म्हणजे आजोबा, आईचे वडील, ओरेस्ट नाव त्यांचं, मी त्यांच्याकडेच वाढलेय. नादिया मावशीनं तेवढं डोकं खाल्लं — "बाबा एकटे कसे राहतील, लारिसा, विसरायला लागलेत ते, कुणीतरी हवं जवळ." कुणीतरी म्हणजे मी! तिची तीन पोरं आहेत, तिघं शहरात, पण कुणीतरी म्हटलं की बोट माझ्याकडे. आणि विसरतात कोण? गिदो? चष्मा विसरतात, ते मीही विसरते. ज्या माणसानं आयुष्यभर ह्या तालुक्यात टँकर चालवला, कुणाच्या अंगणात टाकी कुठं, कुणाचं झाकण कुठल्या बाजूला फिरतं, कुणाचं कुत्रं चावतं, सगळं ज्याला पाठ, तो विसरतो? मी मावशीला तोंडावर सांगितलं, म्हटलं, तुम्हा सगळ्यांच्या आधी त्यांचं डोकं चालेल, त्यांना वृद्धाश्रमात ढकलायला निमित्त शोधू नका, गाडीच्या किल्ल्यांना हात लावाल तर बघा. भांडण झालं. चांगलं कडाक्याचं. आणि सोमवारचं तिकीट काढलं मी, तिच्यासमोर, मुद्दाम.

असो. तुम्हाला काय त्याचं. तुम्ही उचला तो पाइप आणि — आँ? कुणी सांगितलं? कुणी काय सांगितलं तुम्हाला? मोठ्यानं बोला, वारा आहे. विचारलंत? कॅफेत? मग उगीच का माझ्या शिव्या खाताय इतका वेळ — बरं, बोलू दिलं नाही मी, कबूल, आता बोला. कुणी सांगितलं हॉलमागे जायला? म्हातारा. तिथं सगळेच म्हातारे आहेत, काका, कुठला? हिरवी टोपी. हिरव्या टोप्या तीन आहेत त्या टेबलावर, बियाण्याची कंपनी फुकट वाटते. क्रुपाच असेल, त्याला अशी थट्टा सुचते, बाहेरच्याला फिरवून मागाहून टेबलावर हसायचं — नाही? हसत नव्हता? उठून दारापर्यंत आला? हात धरून दाखवलं?

काय म्हणाला तो. शब्दन् शब्द सांगा.

"लाल झाकण. सरळ फिरवलं तर फिरणार नाही, तळहातानं एक दणका मार आणि उलट्या बाजूला फिरव."

हे... हे कुणालाही माहीत असेल. कुणालाही. टँकरवाल्याला सांगितलं होतं मी काल, तोही बसतो तिथं — नाही बसत. बरं. आणि तुम्हाला त्यांनी — त्यानं — हाक कशी मारली? अहो म्हणजे नावानं का? तुम्ही नाव सांगितलं होतं? मग? मिच? मिच म्हणाले तुम्हाला? "मिच, दुसरी खेप लवकर आणलीस."

नाही, मी ठीक आहे. काकूंना आत बसू द्या. पाणी नको. नको म्हटलं ना! मिच गिदोंचा जोडीदार, टँकरवर. ते दोघं मिळून ही टाकी भरायचे. मी शाळेत जायच्या आधी वारला तो, मी फोटोतच बघितलाय. चेष्टा केली असेल हो. गिदोंना आवडतं, लोकांना जुन्या नावांनी हाका मारतात, मलासुद्धा मारतात — आईच्या. म्हणजे अलीकडे मारतात. चेष्टेनं. मी ओ देते, त्यात काय, सकाळी सकाळी कोण वाद घालेल?

थांबा. ही माती ओली कशानं? तुमच्या पाइपानं नाही, तुमचा पाइप तिकडे होता. टँकरनं? टँकर काल आला होता, ह्या वाऱ्यात कालची ओल राहील का? तुम्ही आलात तेव्हा होती? होती. बघितलीत तुम्ही आणि तरी पाइप लावणार होतात, धन्य आहे. सरका. तळहातानं दणका, उलट्या बाजूला — तुम्ही नका वाकू. काय करायचंय तुम्हाला वास घेऊन, तुम्ही तर रोज त्याच्याबरोबर प्रवास करता.

आहे. वास आहे.

तुमच्या आधी कुणीतरी ओतून गेलंय. सकाळी गेलं असेल, त्यांनाही दारापर्यंत येऊन दाखवलं असेल. आणि त्याच्या आधी? मला काय विचारताय, मी मोजत बसले होते? मी पाट्या रंगवत होते. सगळ्या गावाला अक्कल शिकवत होते.

गप्प बसा जरा, विचार करू द्या. टाकी उपसायची. सगळी. घासायची, औषध टाकायचं, पाणी तपासायला पाठवायचं, आणि रविवारी घरोघरून कॅन मागवायचे, क्वानकडून, चर्चकडून, क्रुपाच्या डेअरीतून — आणि सगळे विचारणार, का? काय झालं? आणि खरं सांगितलं की झालंच. त्या टेबलावर संध्याकाळपर्यंत पोचेल. कुणी वाईट बोलणार नाही, तेच तर! पाठीवर हात ठेवतील त्यांच्या. "ओरेस्ट, आता आराम कर." मावशी किल्ल्या घेईल, आणि बर्फ पडायच्या आत त्यांना नेऊन ठेवतील त्या लांबच्या आश्रमात, जिथं खिडकीतून पार्किंग दिसतं. चूक ठरले म्हणजे मी. मावशी बरोबर. तिला किती आनंद होईल.

मी सांगणार, झाकण माझ्याकडून उघडं राहिलं. काल. आणि आत खार मेली. ती बिळातली, शेतातली, ह्या वर्षी उच्छाद मांडलाय त्यांनी, कुणालाही पटेल. "शहरातून शिकून आली आणि एक झाकण लावता येईना" — म्हणू देत. क्रुपा तर नाचेल. त्याला निदान एवढं तरी सुख मिळू दे, त्याच्या नशिबी दुसरं काय आहे? आणि तुम्ही, काका, तुम्ही इथं आलाच नाहीत. तुम्हाला रिंक सापडली, स्वतःच्या हुशारीनं. काकूंनाही पढवून ठेवा. जीभ आवरता येते ना त्यांना? गाडीत कोंडून घेतल्यावर दोघांनी एकमेकांशी बोलायचं ठेवलं असेल तरच प्रश्न.

सोमवारचं नाव काढू नका. मी काढलं होतं, तुम्ही नाही. तुम्ही पाइप गुंडाळा. असा नाही, आधी तोंडाला बूच लावा, इतक्या वर्षांत एवढंही — आणा इकडे. मी लावते. रस्त्यानं सरळ जा, कोठार डाव्या हाताला सोडा, रिंक दिसेल, तिच्या मागे. पाटी नाहीये. आता लावीन. दिवसा, सगळ्यांसमोर, तोच शब्द लिहून, आणि इथंही एक लावीन, ह्या झाकणावर, आणि ज्याला काढायची असेल त्यानं माझ्यासमोर येऊन काढावी.

कुणाची गाडी आली ही? मागे वळू नका. निळा पिकअप. गिदो आहेत. आणि त्यांच्या मागे — देवा. मागे ती पांढरी लांबलचक कुणाची? कॅम्पर, तुमच्यासारखंच चाकांवरचं घर. स्वतः पुढं होऊन वाट दाखवताहेत. खिडकीतून हात बाहेर काढून. बघा, किती खूश आहेत.

तुम्ही निघा. नाही, त्या बाजूनं नाही, त्यांच्या पुढ्यातून गाडी काढा, त्या कॅम्परवाल्याला मागे यायला सांगा, रिंकपर्यंत न्या, मला काही माहीत नाही, तुमच्या भाषेत समजवा त्याला, तुमचीच जमात आहे ती! इथली मी बघते. आणि काका — ते हात हलवताहेत तुम्हाला. मिच समजून. हलवा ना हात, काय जातंय त्यात तुमचं! हां. अजून एकदा. आता जा. जा म्हटलं ना.