बांधलेलं बोट

नाही ताई, बोट मागे घ्या, पट्टी मी बांधणार नाही — कापूस आहे, चिकटपट्टी आहे, सगळं आहे, पण बांधणार नाही. कालपर्यंत बांधत होतो, खरंय, तुमच्या शेजारणीलाही मीच बांधली. मतदान केंद्रातून लोक निघायचे ते थेट इथं दवाखान्यात, शाईचं बोट पुढे करून — आणि डॉक्टर तर मतदानाच्या आधीच शहरात सटकले, मग मी कंपाउंडरच राजा. कल्पना कुणाची? माझीच. डोंगरातल्या बंदूकवाल्यांनी बजावलं होतं ना, मत द्यायचं नाही, बोटाला शाई दिसली की बसमधून खाली खेचू — आणि ती शाई काही केल्या निघत नाही. मग म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं झाकलं बोट. चौकात उभा राहून सांगत होतो हो मी — आजवर गावचा प्रमुखच अख्ख्या गावाचं मत टाकायचा, आता नवा कायदा आलाय, ज्याचं मत त्याच्या हातात, बिनधास्त द्या, बोटाची काळजी माझ्यावर सोडा. लोकांनी डोक्यावर घेतलं मला. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

आता तुम्हीच सांगा, एकाच दिवशी अख्ख्या गावाचं तेच बोट कापलं, हे कुणाला पटेल? शेंबड्या पोरालाही नाही पटणार. मला पटलं. काल वरच्या वळणावर बस अडवली, तर शाई कुणी बघितलीच नाही म्हणे — एवढंच म्हणाले, "पट्टीवाले खाली उतरा." संपलं. शोधायचे कष्टसुद्धा मी वाचवले त्यांचे.

त्यात माझा धाकटा भाऊ होता. सुतार आहे तो, वरच्या गावात दारं बसवायला निघालेला. त्याचं बोट खरंच कापलेलं, पटाशी लागून — टाके मीच घातले. आणि मत? मत दिलंच नाही त्यानं. भांडला माझ्याशी त्यावरून, म्हणाला, दादा, तुझी निवडणूक तुला लखलाभ, मला माझं काम करू दे. त्यालाही उतरवलं. पट्टी सोडून बघितली, तर बोट जांभळं — मी टाक्यांवर जांभळं औषध लावतो ना, त्याचा डाग. शाईच वाटणार ती, मलाही वाटली असती.

नाही नाही, जिवंत आहे. सकाळी निरोप आलाय — हे औषधच असेल तर ज्यानं लावलं त्यानं स्वतः येऊन सांगावं, सोडून देतो. भावजय आली होती इथं, तुम्ही बसलाय तिथंच बसली. रडली नाही. म्हणाली, "दादा, तुम्ही नुसतं जाऊन सांगायचं आहे." मी म्हटलं, अगं, दवाखान्यात गर्दी आहे, डॉक्टर नाहीत, पेशंट टाकून कसा येऊ — दुपारी बघतो. ती या बाकांकडे बघत राहिली. रिकामेच होते, आता आहेत तसेच. मग उठून गेली.

माझ्या हातमोज्यांकडे काय बघता? सवय आहे, दवाखान्यात घालावेच लागतात — बरं, घ्या, हे काढले. आहे शाई. पहिलं मत मीच टाकलं, मिरवत गेलो होतो. आता हे बोट घेऊन मी वर जाऊ आणि सांगू की याचं औषध आहे, शाई माझी आहे? भाऊ आहे हो माझा, अंगाखांद्यावर खेळवलाय त्याला — पण निघवत नाही. सकाळपासून तीन वेळा दाराचं कुलूप हातात घेतलं, परत ठेवलं. भ्यालोय मी, ताई. लोकांना बिनधास्त म्हणत होतो तो मीच.

तुम्ही कुठं निघालात? या बसनं? आजची बस जाऊ द्या, वरच्या गावात पोरांना आजी सांभाळेल आणखी एक दिवस — काय? तुम्ही सांगाल त्या बंदूकवाल्यांना, की ते औषध आहे? अहो, तुमच्या बोटाला शाई, उघडी, आणि तो तुमचा कोण लागतो? बसा तरी. ऐका माझं.

बरं. जा. ड्रायव्हर हॉर्न देतोय, निघा. आणि तो भेटला, आणि दादा कुठंय म्हणून विचारलं — विचारेलच तो — तर त्याला म्हणावं…

काही म्हणू नका. जाताना दार ओढून घ्या.