औंदा कंचं सोंग

(तळेघर, सन १९०८चा श्रावण. गेणभाऊच्या घराची पडवी. अवसरीहून चालत आलेला त्याचा पुतण्या भिमाजी चुलतीशी, ठमाबाईशी, दबक्या आवाजात बोलतो आहे. गेणभाऊ आत निजला आहे.)

ठमाबाई : हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. तुझा बिनमिशीचा ओठ बघितला न् वळखलं मी. कवा गेलं थोरलं भाऊजी?

भिमाजी : आज तेरा दिस झालं, काकू. रातच्याला निजलं ते उठलंच न्हाईत. तवाच आमच्या जानकू गड्याला निरोप घिऊन धाडला, पर घोड नदीला ह्यो पूर. डिंभ्यातनं मागारी आला. पानी वसरलं तसा मीच निघालो.

ठमाबाई : दहावा झाला आन् सख्ख्या भावाला पत्ता न्हाई! आता सांगनार कोन? म्हैनाभर अंथरुनाला खिळल्यात. मला तर जमायचं न्हाई, बाबा.

भिमाजी : मीच सांगतो. त्यासाठीच आलोय.

गेणभाऊ : ठमे! कुनासंगं कुजबुज चाललीया? आजारी हाय, बहिरा न्हाई अजून.

ठमाबाई : अवसरीचा भिमाजी आलाय.

गेणभाऊ : भिमा? ये ये, असा उजेडात बस. अगं बया बया! ठमे, बघितलंस का, ओठ कसा गुळगुळीत! औंदा कंचं सोंग, लेका? गोकुळअष्टमीचा खेळ नव्हं?

भिमाजी : तात्या, जरा ऐका, मी...

गेणभाऊ : थांब, सांगू नगंस. मी वळखतो. रानी न्हाई. चाळिशीच्या रानीला कोन बघनार? सासू असशील. गेल्या साली काय सासू केलीस, राव! बाया दात-ओठ खात व्हत्या. आमची ही तर घरी येस्तवर तुला शिव्या देत व्हती.

ठमाबाई : देनारच की. सुनेच्या म्होरलं ताट वढून घेतलं त्यानं.

भिमाजी : लोकांनी लई गोड मानून घेतलं, तात्या. नायतर मला काय येत व्हतं? गवळन केली तवा पयल्याच पावलाला मडकं फुटलं. ताक समदं पेटीवाल्याच्या डोक्यावर. तरीबी लोक म्हनलं, पुन्यांदा ये.

गेणभाऊ : आन् मंचरच्या फतेशेटची बायकू सुंदरबाई! लुगडं द्यायची, ते द्यायचीच, वर नेसवायलाबी बसायची.

भिमाजी : नुसतं नेसवत न्हाई. अंगनात चार येरझाऱ्या घालायला लावायची. म्हनायची, "नांगरामागं चालल्यागत चालू नगंस, भिमाजी. लुगड्याला वझं वाटतंय तुझं." तिचे उपकार कसे फेडू?

गेणभाऊ : आन् माझे? चौदा कोस तुडवत यायचो वर्साला. पर खरं सांगू का, ते सोंग बघायला न्हाई यायचो.

भिमाजी : ठावं हाय.

गेणभाऊ : मग सांग की ते पयल्या सालचं. तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतंय.

भिमाजी : आज नगं, तात्या.

गेणभाऊ : सांग म्हनतो ना! आजाऱ्याचं येवढंबी ऐकायचं न्हाई का?

भिमाजी : मला रानीचं सोंग मिळालं व्हतं. आबाला न इचारता मिशी काढली. बाप जिता आन् पोरगं बिनमिशीचं! आबानं दोन दिस तोंड बघितलं न्हाई माझं. तसाच मंचरच्या बाजाराला गेलो. तिथं तुमच्या हितल्या चिमाजीनं लांबनं बघितलं...

गेणभाऊ : आन् सांजच्याला येऊन मला सांगितलं, "गेनभाऊ, सयाजीबाबा गेलं. पोराची मिशी उतरलीया, डोळ्यानं बघितली." अवसरीच्या शेताच्या बांधावरनं सात वर्सं बोललो नव्हतो आमी. पटका बांधायचंबी सुचलं न्हाई मला. तसाच निघालो.

भिमाजी : दिस उगवायला अंगनात येऊन पडलात. माती उधळत व्हता. "दादा, बांध तुजा रं! समदं शेत घे, पर येकदा बोल!"

गेणभाऊ : आन् ह्यो बाबा गोठ्यातनं शेनाचे हात घिऊन भायेर! म्हनतो कसा, "गेन्या, बांध कुनाचा म्हनलास? पुन्यांदा बोल, येवस्थित ऐकू आलं न्हाई."

ठमाबाई : खोटं! समदं ऐकलं व्हतं त्यांनी. माज्यापाशी कबूल केलं. घटकाभर शेनाची पाटी तशीच धरून गोठ्यात रडत हुबं व्हतं.

गेणभाऊ : हां, ते मलाबी पुढं सांगितलं त्यानं. तवापासून बघ, सोताच म्हनायचा, "भिम्या, अष्टमी आली, काढ मिशी, म्हंजी गेन्या येतोय." भिमा, तुज्या त्या सोंगापायी मला भाऊ मिळाला, लेका. अठरा वर्सं मिळाला. औंदा मात्र पाय साथ देईनात. दादाला म्हनावं, तूच ये हिकडं... का रं? रडतोस कशापायी?

भिमाजी : तात्या, औंदा सोंग न्हाई.

गेणभाऊ : म्हंजी?

भिमाजी : औंदा खरंच उतरवली मिशी. तेरा दिस झालं. पूर व्हता, निरोप पोचला न्हाई. तुमाला सोडून दहावा केला, मला माफ करा, तात्या. झोपेतच गेलं. काय तरास न्हाई झाला.

ठमाबाई : अवो... मोकळं रडा तरी.

गेणभाऊ : रडतोय की आतल्या आत. पर हंबरडा काय फुटंना, ठमे.

भिमाजी : तात्या...

गेणभाऊ : घाबरू नगंस, पोरा. लोक भावाच्या मढ्यापाशी बसून बोलत्यात, आन् त्याला कायबी कळत न्हाई. माझ्या दादानं माझं समदं रडनं जितेपनी, हुब्यानं ऐकलंय. ठमे, सुतकाच्या आंघोळीला पानी काढ.