विजयमालाचे दोन दाखले

...न्हाई, मी काय म्हणतो, माझ्या टांग्याच्या घोडीला सरकारनं पास केलं ते अर्ध्या घंट्यात! अर्ध्या घंट्यात, सांगतो तुमाला! साहेब आला, चांदणीचं तोंड उघडून दात बघितलं, खूर उचलून बघितलं, पाठीवर थाप मारली, म्हणाला "ठीक है", आन् माझ्या हातावर पितळंचा बिल्ला ठेवला. झालं! कुणी इचारलं का, जोतीराम, तुज्या घोडीचा जन्म कवाचा? तिच्या चालचलणुकीचा दाखला कुठाय? न्हाई! आन् ह्या घोडीनं ह्याच अड्ड्यावर दोघास्नी लाथ घातलीया, तरी न्हाई! आन् आमच्या गावची ती विजयमाला... तीन वरसं मिशनच्या दवाखान्यात दिस म्हणला न्हाई, रात म्हणली न्हाई, परीक्षा पास, हातात शिरटिफिकीट, त्यावर मडमिणीची सही... तिला काय ऐकाय मिळावं? "सगळं बरोबर आहे बाई, फक्त एक कागद कमी आहे!"

बसा वो, बसा. आनखी एक सवारी झाली की निघू माधवनगरला. चांदणी बी दमलीया, आन् माझं बी पोट ह्या गोष्टीनं फुगलंय, कुणाला तरी सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाई.

तर विजयमाला म्हंजे सयाजीची बायको. सयाजी पल्टनीत हुता, बर्म्याकडं गेला आन् तिकडंच ऱ्हायला. तार आली तवा ही एकोणीस वरसांची. पोर न्हाई, बाळ न्हाई. चुलीपुढं बसली ती बसली. सासू साळूबाई, ती बी काय वाईट न्हवं, पर तिचं बी पोटचं गेल्यालं, तोंड कडू झाल्यालं... उठता बसता "पांढऱ्या पायाची, पांढऱ्या पायाची." दोन वेळंच्या भाकरीसंगं हे बी वाढायचं. त्यातनं ती मिशनच्या बाईंच्या नदरंला पडली, शिकाय गेली, तीन वरसांत कशी पाणीदार झाली म्हणता! चालताना मान वर. आन् सांगलीत, हळदीच्या पेठंत, एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं धर्मादाय दवाखाना काढल्याला, तिथं नर्सची जागा निघाली. डॉक्टरनं तिचं काम बघितलं, खूश झाला. म्हणाला, "जागा दसऱ्यापर्यंत धरून ठेवतो. तेवढ्यात मुंबईच्या नर्सांच्या रजिस्टरात तुमचं नाव चढलं पाहिजे."

आन् हिकडं सासूचा निरोप, "दसऱ्यापत्तूर नोकरी लागली तर तुजी तू मोकळी. न्हाई तर गुमान घरला ये, गोठा पडलाय."

त्या दिशी माझ्याच टांग्यात बसली हुती. नदीच्या घाटाशी आलो. मग म्हणाली, "मामा, कृष्णंत उडी टाकीन, पर त्या चुलीपुढं पुन्यांदा बसायची न्हाई." आता मी काय तिचा मामा न्हवं, गावचा माणूस. पर माझ्या हातातला लगाम ढिला पडला, खरं सांगतो.

मग सुरू झालं कागदाचं. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवायचा, एकेक कागद उलटायचा, "छान... छान... हेही छान..." आन् शेवटाला काय? "सगळं बरोबर आहे बाई, फक्त एक कागद कमी आहे. जन्मतारीख?"

जन्मतारीख! हिच्या आईला इचारलं, हरणाबाईला. हरणाबाई म्हणाली, "आपल्या काळ्या गाईनं जुळी वासरं दिली न्हाई का गं? त्याच्या दुसऱ्या आवसंला." डॉक्टर म्हणतोय, "मग त्या गाईची तरी कुठं नोंद आहे का?" शेवटी शाळंच्या मास्तरनं जुनं दप्तर झटकलं, तवा एकदाची तारीख घावली. मग नवऱ्याचा कागद. तो पल्टनीकडनं आल्याला, तो दिला. नवरा गेल्याचा कागद तो, आन् डॉक्टर म्हणतोय, "हेही छान..." मग त्याचं त्यालाच उमगलं, बिचारा खाली बघाय लागला. पर तोंडातनं निघालंच, "आता फक्त एक कागद कमी आहे. गावातल्या प्रतिष्ठित माणसाचा, चालचलणुकीचा."

मी म्हणलं, एवढंच ना? आमच्या तात्याबा पाटलाइतका प्रतिष्ठित माणूस पंचक्रोशीत न्हाई! पोरीवर त्याची माया बी लय. चला!

चावडीवर ही गर्दी. तात्या गादीवर बसल्याले, पर एका अंगावर कललेले, तक्क्यावर कोपर, तोंड आंबट. मी म्हणलं असंल काय तरी. कुलकर्ण्यानं दौत उघडली. तात्या म्हणाले, "पोरी, आसा दाखला देतो की मुंबईवालं उभं ऱ्हाऊन वाचत्याल!" आन् डोळं मिटून सांगाय लागले, "लिवा. सदर बाई अत्यंत शीलवान. दिवस मावळल्यावर तिने घराचा उंबरा ओलांडलेला नाही..."

आन् विजयमाला? तीन वरसं रातपाळी केल्याली ती! पदर सावरून पुढं झाली, "आवं तात्या, पर मी तर रातचीच..."

"गप गं! ते काय लिवायचं आसतंय व्हय? लिवा वो! परपुरुषाला स्पर्श तर दूरच, परपुरुषाकडे मान वर करून पाहिलेले नाही. मोठ्या आवाजात बोलत नाही. स्वभावाने इतकी कोमल, की रक्त पाहताच तिला घेरी येते!"

घेरी! तिला! जिनं गिरणीतल्या माणसाचा मोडल्याला हात धरून ठेवला आन् डॉक्टर शिवत हुता, तिला घेरी! पर चावडीवरच्या बाया डोळ्यास्नी पदर लावाय लागल्या, म्हातारी धोंडुबाई म्हणाली, "आसली सून सात जन्मात मिळायची न्हाई," आन् तीच साळूबाई, सासू, तिच्या बी डोळ्यात पाणी! आता एवढ्या लोकांम्होरं, पाटलाच्या तोंडावर, हे खोटं हाय म्हणायचं? कसं म्हणंल वो ती? खाली वाकून पाया पडली. कागद घेतला. टांग्यात बसल्यावर म्हणाली, "मामा, आता काय वो?" मी म्हणलं, सही झकास हाय की! मला कुठं वाचाय येतंय!

डॉक्टरनं वाचलं. एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्यांदा वाचलं. आन् मग त्याला आसं हसू आलं, आसं हसू आलं, की कंपाउंडर पाण्याचा गिलास घेऊन पळत आला. "बाई, तुम्ही पुरुषांच्या वॉर्डात इंजेक्शन कसं देणार? डोळे मिटून? आणि रात्री उंबरा ओलांडत नाही, तर काय रोग्यांना तुमच्या घरी धाडू?" ती पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी. तवा त्याचं हसू थांबलं. हळूच म्हणाला, "सगळं बरोबर आहे बाई... फक्त हा एक कागद बदलून आणा. जे खरं आहे तेच लिहून आणा."

खरं! आता आली का पंचाईत! परत गावात गेलो तर पितृपंधरवडा लागल्याला. तात्या म्हणाले, "ह्या पंधरा दिसांत नवा कागद करायचा न्हाई." पंधरा दिस! दसरा चोवीस दिसांवर आन् ह्यातलं पंधरा आमच्या वाडवडलांनी खाल्लं! आन् पंधरवडा सरल्यावर तिनं मन घट्ट करून सांगितलं काय काय लिवायचं, तवा तात्यांचा चेहरा पांढरा फटक. "काय? रातची बाहेर आसती? परक्या बाप्यास्नी हात लावती? आगं सयाजीच्या बायकूविषयी आसलं मी माझ्या सहीनं लिवू? तुज्या धाकट्या नणंदंचं लगीन व्हायचंय! मला गावात तोंड दावायचंय का न्हाई?"

"तात्या, ते कामच हाय माझं."

"काम कर की! कोण नगं म्हणतंय? पर लिवून कशाला ठिवायचं?"

बोला आता! काम करावं, पर कुणी लिवू नये! ती तिथंच चावडीच्या पायरीवर बसली. रडली न्हाई. मला म्हणाली, "मामा, आठच दिस ऱ्हायलं." आन् मला तर वाटाय लागलं, घोडीचा बिल्ला काढावा आन् हिच्या पदराला लावावा, जा म्हणावं, पास हाईस!

तेवढ्यात तात्या उठाय गेले आन् "आई गंऽऽ" करून खाली बसले. बसले ते बी कळवळून पुन्यांदा उठले. हिनं वर बघितलं. आन् तिचं तोंडच बदललं वो! पदर खवला, म्हणाली, "तात्या, तीन आठवडं झालं तुमी एका अंगावर बसताय. गळू हाय न्हवं?"

"कुटं? छ्या! कोण म्हणतंय?"

"पालथं निजा."

"आँ? अगं, मी पाटील हाय!"

"गळवाला म्हाईत न्हाई ते. पालथं निजा म्हणते ना!" आन् वाड्याकडं बघून तात्यांच्या सुनंला हाक मारली, "रंगुवैनी, पाणी उकळाय ठिवा!"

काय तो आवाज! दुपारच्या पारी भर गावात तात्याबा पाटील, पाच खेड्यांचा मानकरी, घोंगड्यावर पालथा, आन् धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून वरडतोय. मी बाहीर हुतो, आतनं आवाज, "हलू नका! गप पडा! पोरागत काय करताय!" अळशीचं पोटीस बांधलं, तीन दिस बांधलं, गळू फुटलं, धुतलं, पट्टी केली. चवथ्या दिशी घटाच्या माळंम्होरं तात्या गादीवर सरळ, चांगली फतकल मारून बसले, आन् त्यांच्या डोळ्यात जे सुख हुतं म्हणता... बोलावलं कुलकर्ण्याला, साऱ्या गावाम्होरं. "लिवा! आता खरं लिवा! सदर बाई परपुरुषास हात लावते. कुठेही लावते! लाजत नाही! रात्री-अपरात्री बाहेर असते. रक्त, पू, काही पाहिले तरी डोळा मिटत नाही. खुद्द पाटलास दरडावून 'गप पडा' म्हणते आणि पाटील गप पडतो! सही आणा हिकडं!"

बायांनी तोंडाला पदर लावला. साळूबाई उठून घरला गेली. पर पोरगी हसली वो! तीन वरसांत पयल्यांदा मी तिला हसताना बघितली. चांदणीला आसं पळिवलं, आसं पळिवलं...

डॉक्टरम्होरं तो दवाखान्याचा मालक बी बसल्याला. त्यानंच कागद हातात घेतला. वाचत गेला, वाचत गेला आन् लाल झाला. "डॉक्टर, हा चालचलणुकीचा दाखला आहे की पोलिसातली फिर्याद? अशी बाई माझ्या आईच्या नावाच्या दवाखान्यात?"

आता सांगा! पयला कागद दिला तर नर्स न्हवं, दुसरा दिला तर चांगली बाई न्हवं! मग ती करणार काय? दसरा चार-पाच दिसांवर! डॉक्टरनं कपाळाला हात लावला, म्हणाला, "मुंबईला कागद पाठवायची वेळ तरी चुकवू नका." तवा पोरीनं दोनी कागद एकाच पाकिटात घातलं, एकावर एक, म्हणाली, "ज्याला जे पायजे ते वाचू दे," आन् टपालात टाकलं. टाकताना पेटीला हात लावून पाया पडली.

दसरा आला. गेला. मुंबईचा पत्ता न्हाई. तवा डॉक्टर म्हणाला, "बाई, नर्सची जागा मला देता येत नाही. पण आयाची आहे. तिला कागद लागत नाही." तिनं एक घटका इचार केला आन् झाडू उचलला. चुलीपुढं जायचं न्हाई म्हणजे न्हाई. आन् आता तिथं काय चाललंय म्हाईत हाय? बाळंतपण हिनंच करायचं, पट्ट्या हिनंच, इंजेक्शन हिनंच! रोगी आला की डॉक्टर वरडतोय, "सिस्टर, लवकर या!" आन् मालकाची गाडी दाराशी लागली की तोच डॉक्टर पळत येतोय आन् हिच्या हातात झाडू देतोय. दिसातनं चार बारी ती नर्स हुती, चार बारी आया हुती, आन् संध्याकाळी मला म्हणती, "मामा, माझं मलाच कळंना झालंय मी कोण."

आन् काल वो, कालच, मुंबईचा कागद आला! झाडू टाकून पळत आली बाहीर, पाकीट माझ्याम्होरं फोडलं, वाचलं... आन् पुन्यांदा पयल्यापासनं वाचलं. डॉक्टरनं तिच्या हातातनं घेऊन मोठ्यानं वाचलं, "आपल्या एका अर्जासोबत दोन निरनिराळ्या बायांचे दाखले आले आहेत. यापैकी नर्स कोणती? दोन्ही बाया एकच असल्यास तसे गावातील प्रतिष्ठित माणसाकडून लिहून आणावे. बाकी सर्व कागद बरोबर आहेत."

चला परत गावाला! पोरगी वाटंनं हसत बी हुती आन् रडत बी हुती, दोनी एकदमच. तात्या वसरीवर, चांगले फतकल मारून बसल्याले. त्यास्नी सगळं समजावलं, दोनी दाखलं म्होरं ठिवलं, म्हणलं तात्या, एवढंच लिवा, ह्या दोनी बाया एकच हैत. तात्यांनी दुसरा कागद वाचवून घेतला, मान डोलावली. "ही तू. ह्याला माझी गादी साक्षी हाय." मग पयला वाचवून घेतला. एकदा. दोनदा. आन् मग म्हणाले, "पोरी, खोटं एकदा लिवलं, आता न्हाई लिवायचा. पर मला एक सांग, ही पयली कोण गं? आसली बाई ह्या गावात मी तरी जन्मात बघितली न्हाई!"

तवा आता काय करणार? उद्यापासनं माझा टांगा तिलाच हुडकाय जाणार. बसा नीट, निघालो... आन् वाटंत कुठं दिसलीच तुमाला ती बाई, दिस मावळल्यावर उंबरा न ओलांडणारी आन् रक्त बघून घेरी येणारी, तर तेवढी माझ्या टांग्यात बसवा वो. सगळं बरोबर हाय, एकच बाई कमी हाय!