वेगळा सप्लाय

ऑस्वाल्ड : मोटरला काय झालेलं नाय, अनुजा. ही लाल वायर कुठे गेलीय ते सांग.

अनुजा : बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनमध्ये. तिन्ही सर्वो मोटरींची.

ऑस्वाल्ड : तिन्ही? आईला भरवायचा हा तुझा यंत्राचा हात चमचा उचलताना चार-पाच अँपिअर खेचतो. तुझा बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर. तो मुश्किलीने अर्धा देणार. मग?

अनुजा : व्होल्टेज पडतं. बोर्ड बंद होऊन परत चालू होतो.

ऑस्वाल्ड : आणि तेव्हा हात झटका मारतो.

मालन : म्हणजे माझा ओठ फुटला तो ह्यामुळे? बघा भावजी, आणि ही आठ दिवस तोंड पाडून बसलीय. सगळं कपाटात टाकलं.

अनुजा : दोन टाके पडले तुला, आई. मी बनवलेल्या वस्तूने. मी परत काढणारच नव्हते तो. अंकलना तू बोलावलंस?

मालन : मीच. खालच्या मजल्यावरच्या केरेनकडून निरोप धाडला. शिवडीला तीस वर्षं बोटींची वायरिंग केली त्यांनी, एका चमच्याची करणार नाहीत?

ऑस्वाल्ड : वायर पकड, बाय. हा वेगळा सप्लाय, सहा व्होल्ट, दहा अँपिअर. मोटरींच्या लाल वायरी थेट ह्याच्यावर. बोर्डाकडून फक्त सिग्नल.

अनुजा : आणि काळ्या?

ऑस्वाल्ड : त्या सप्लायच्या काळीवर. आणि ती काळी बोर्डाच्या ग्राउंडला जोड, नायतर सिग्नल मोटरींना कळणारच नाय. जवळ हा मोठा कपॅसिटर, एकदम लागणारा करंट हा देणार, प्लस-मायनस बघून लाव. मध्ये फ्यूज. आणि हा लाल स्विच वहिनींच्या पायाशी. दाबला की मोटरींचा करंट कट.

अनुजा : आधी बोर्ड चालू करायचा, मग मोटरी?

ऑस्वाल्ड : बरोबर. आता वाटीत पेज घाल आणि बाजूला हो. पहिला घास माझा.

अनुजा : नको, अंकल. लागलं तर?

ऑस्वाल्ड : म्हणूनच मी.

(ऑस्वाल्ड खुर्चीत बसतो. हात चमचा भरून वर येतो, थांबतो, खाली जातो. पुन्हा. पुन्हा.)

ऑस्वाल्ड : वीस घास झाले. एकदा पण झटका नाय. मीठ कमी हाय.

मालन : उठा आता, माझी पेज संपवाल.

अनुजा : आई, अजून हळू करू का?

मालन : नको. बरोबर येतोय. एक सांगू? तू भरवतेस तेव्हा तुझा डोळा घड्याळावर असतो. लोअर परळला ऑफिस गाठायचं असतं, माका कळतं. मग मी न चावताच गिळते.

अनुजा : कधी बोलली नाहीस.

मालन : काय बोलायचं? माझे हात थरथरायला लागल्यापासून एक दिवस चुकली नाहीस तू. ते काय कमी झालं?

अनुजा : अंकल, तुमचे आभार कसे मानू…

ऑस्वाल्ड : सोड ते. माझी बायको मॉड हॉस्पिटलात होती, तेव्हा दोन महिने मी ह्याच घरात जेवलो. वहिनींनी एकदा पण विचारलं नाय, अजून किती दिवस. मी निघतो. थोडे दिवस समोर बस, आणि मोटरी तापतायत का बघत जा.

अनुजा : बसते. आई, अजून वाढू?

मालन : माका पुरे. तू तुझं ताट घेऊन ये. दोन वर्षांत आपण एकत्र जेवलो नाही गो.